पिवळ्या काडीचं नाव

आमच्या घरमालक सरांना फोन केला की ते कधीही 'हॅलो' म्हणत नसत. आधी नुसता श्वास ऐकू यायचा, मग सावकाश यायचं, "आवाज तर ओळखीचा आहे. बहुधा वरच्या मजल्यावरचा." मोबाइलवर माझं नाव ठळक अक्षरांत उमटलेलं असायचं, तरी. मी वैतागून म्हणायचे, "सर, नाव दिसतंय ना समोर?" तर म्हणत, "नाव दिसतंय. पण तुमचा फोन दुसऱ्या कोणी उचलला असेल तर?"

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत त्यांना पाठीमागे सगळे 'बहुधा सर'च म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. "बहुधा मलाच म्हणतात," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पोरांना झाडापानांची नावं पाठ करायला लावली, आणि स्वतः मात्र कशाचंही नाव घ्यायची वेळ आली की जीभ दातांमागे अडकायची. भाजीवाल्याकडे पालकाची जुडी हातात घेऊन देठ मोडून बघायचे, हुंगायचे, आणि मग "पालकासारखी दिसते" म्हणून पिशवीत टाकायचे. भाजीवाला कंटाळून म्हणे, "सर, पालकासारखी नाई, पालकच हाय ते. घरी नेऊन खाऊन पाहा."

मी वर्ध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि आंजीहून रोज एसटीनं जाणं-येणं जिवावर यायला लागलं, म्हणून खोली शोधत होते. घरमालक नाही नाही ते विचारतात. कोण, कुठली, जात काय, मटण करता का, पाहुणे किती येतात. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. पायरीवर उभी ठेवूनच म्हणाले, "लॅबमध्ये म्हणजे तुमच्याकडे मायक्रोस्कोपला ऑइल लेन्स असेल. चांगली आहे?" म्हटलं, आहे. "मग बहुधा जमेल आपलं," म्हणाले आणि किल्ली दिली. माझी आई सोबत होती. तिनं काकूंना हळूच बाजूला घेऊन विचारलं, "सर बरे आहेत न वो?"

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "बरे हाय वो बाई. फक्त कशालेच लवकर नाव देत नाई. आमच्या पोरीचं नाव ठेवाले तिले शाळेत टाकेपर्यंत वेळ लावला यायनं. तवरिक आम्ही तिले 'बाई'च म्हणत होतो." आईला हे इतकं आवडलं की पुढच्या खेपेपासून ती माझ्या पिठासोबत काकूंसाठीही ज्वारीचं पीठ पाठवायला लागली. सर आणि काकू पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचे, तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे असायची. भाडेकरू म्हणून आले होते, महिनाभरात घरची होऊन गेले.

त्यांच्या या स्वभावाचा मला पहिल्यांदा संताप आला तो बाथरूममध्ये साप निघाला तेव्हा. मी जिन्यावरून ओरडत खाली आले. सर चष्मा पुसत वर गेले, दाराच्या फटीतून बघत बसले आणि वरूनच मला विचारायला लागले, "पट्टे मानेपासून सुरू झालेले दिसले का तुम्हाला, की मधूनच?" मी म्हटलं, "सर, मी पट्टे बघत बसले नाही, पळाले." बऱ्याच वेळानं खाली आले. म्हणाले, "कवड्या आहे. बिनविषारी. बहुधा." मी म्हटलं, "त्या बहुधावर मी आंघोळीला जाऊ का?" तर गंभीरपणे म्हणाले, "नाही, जाऊ नका. म्हणून तर बहुधा म्हटलं." मग सर्पमित्राला बोलावलं. साप कवड्याच निघाला. पण राग बाजूला ठेवून विचार केला तर मला त्यांचं पटलं. आमच्या लॅबमध्येही रिपोर्टवर सही करताना असंच वागायला हवं, आणि किती जण वागतात ते मला माहीत आहे.

आता पिवळ्या काडीचं सांगते, कारण सरांचं सगळं आयुष्य तिथे अडकलं होतं असं काकू म्हणायच्या आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

घराशेजारी एक रिकामा प्लॉट होता. गवत, एक कडुनिंब, लोकांनी टाकलेला थोडा कचरा. श्रावण सरता सरता त्या कडुनिंबाखालच्या गवतात एक बुरशी उगवायची. छत्री नाही, काही नाही. हळदीत बुडवलेल्या आगकाड्या कोणी मातीत उभ्या खोचाव्यात तशी. नखानं दाबली तर पटकन मोडायची. दोन-चार उन्हं पडली की गायब. सर तिला 'पिवळी काडी' म्हणत, कारण, त्यांच्या मते, ते नाव नव्हतं, नुसतं वर्णन होतं.

भानगड अशी की अशा पिवळ्या काड्या बऱ्याच जातींच्या असतात आणि बाहेरून सगळ्या सारख्याच. खरी ओळख पटते ती बीजाणूंवरून. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, पण इतकं बारीक की मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. बीजाणू गुळगुळीत असेल तर एक जात, अंगावर काटे असतील तर दुसरी. सरांनी नोकरीत असताना कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा त्यांना काटे दिसले होते. निवृत्त झाल्यावर घरच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गुळगुळीत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गुळगुळीत. जागा तीच, झाड तेच, काडी तीच. मग सरांनी एक सिद्धान्त मांडला की एकाच कडुनिंबाखाली दोन जाती राहतात. पण तो सिद्धान्त त्यांना स्वतःलाच पटेना, म्हणून तो 'बहुधा'मध्ये पडून राहिला.

आणि त्यापायी पुस्तक पडून राहिलं. सर शाळेतल्या मुलांसाठी जिल्ह्यातल्या बुरश्यांचं एक लहानसं पुस्तक करत होते. फोटो, सोपी वर्णनं, सगळं टाइप करून तयार. एक पान सोडून. काकू म्हणायच्या, "ते पान काढून फेका न. एका काडीपायी अख्खं पुस्तक अडकून राह्यलं." त्यावर सर एरवीचं शुद्ध बोलणं सोडून द्यायचे. "घराशेजारची चीज मले ओळखता येत नाई, तर बाकीच्या पानावर पोट्ट्यायनं भरोसा काऊन ठेवावा?" काकू गप्प बसायच्या. पटायचं म्हणून नाही, सरांचा चेहरा पडायचा म्हणून.

मी राहायला गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. सरांचा मोतीबिंदू पिकला आणि शेजारचा प्लॉट विकला गेला. नवा मालक भला माणूस होता, घरी येऊन पेढे देऊन गेला आणि म्हणाला की पोळ्याच्या आगेमागे मुरूम टाकून घेणार. सरांनी पेढा हातात तसाच धरून ठेवला. डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन करून घ्या, सर म्हणत होते काडी येऊन जाऊ द्या. माणसाला डोळ्यानं दिसत नाही आणि तो डोळ्याला न दिसणारी वस्तू बघण्यासाठी थांबलाय. मला हसावं की रडावं कळेना.

काड्या आल्या. सरांनी नेहमीच्या पद्धतीनं त्या काचेच्या पट्टीवर आडव्या ठेवल्या, वर स्टीलची वाटी पालथी घातली. सकाळी वाटी उचलली की काचेवर पांढरट भुकटीचा छाप पडलेला असतो, तेच बीजाणू. सरांनी मायक्रोस्कोप खिडकीत ओढला, आरशानं उन्हाचा कवडसा पकडला, एक डोळा लावला, दुसरा लावला. मग खुर्चीत मागे टेकून बसले. "धुकं आहे सगळं," म्हणाले. ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की माझ्याच्यानं बघवेना.

मी म्हटलं, "सर, काच घ्या आणि चला लॅबमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मशिन रिकामंच असतं."

आमच्या लॅबच्या डॉक्टरांची परवानगी घेतली होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात काचपट्ट्यांची पेटी. पेशंटांच्या बाकावर बसले तेव्हा एका बाईंनी त्यांना विचारलं, "शुगर का वो?" सर म्हणाले, "बहुधा बुरशी." त्या बाई थोड्या सरकून बसल्या.

मी थेंबभर तेल टाकून लेन्स लावली. सर माझ्या शेजारी स्टुलावर. म्हणाले, "एक लक्षात ठेवा. नाव घ्यायचं नाही. काय असेल ते सांगायचं नाही. काय दिसतं ते सांगा."

"गोल दाणे आहेत. गुळगुळीत. चकचकीत."

सरांनी खाली बघितलं. "म्हणजे पुन्हा गुळगुळीत."

"थांबा सर. काही मोठे आहेत, काही लहान. खूपच लहानमोठे. एका घरचे वाटत नाहीत."

"चोच आहे का? बीजाणू देठाला जिथे चिकटलेला असतो तिथे बारीक टोक राहतं."

मी बरेच दाणे फिरून बघितले. एकालाही चोच नव्हती. आणि मला उगाचच वाटायला लागलं की या दाण्यांना मी ओळखते. रोजच्या ओळखीचं माणूस बाजारात दुसऱ्याच कपड्यात भेटावं आणि आठवू नये, तसं झालं. मग एकदम उजेड पडला. उजेड पडला तशी मी अडखळले, कारण हे सरांना कसं सांगायचं.

"सर, रागावणार नाही ना?"

"काय दिसतं ते सांगा."

"हे दाणे मी रोज बघते. संडासच्या तपासणीत. ज्यांना अन्न पचत नाही त्यांच्या स्लाइडवर असतात. हा स्टार्च आहे, सर. पीठ."

मी शेल्फवरची आयोडीनची बाटली काढली, वर झाकलेल्या पातळ काचेच्या कडेला एक थेंब सोडला, पलीकडून टिपकागद लावला. आयोडीन आत ओढलं गेलं आणि ते सगळे गुळगुळीत दाणे एकामागून एक निळेजांभळे होत गेले. मी उठले आणि सरांना बसवलं. मोतीबिंदूच्या धुक्यातूनही तो रंग त्यांना दिसला. "निळं," ते म्हणाले. "निळं मलाही दिसतंय." किती तरी वेळ डोळा लावून बसून होते.

मग मी पुन्हा बसले. निळे दाणे बाजूला पडल्यावर त्यांच्या मागे दडलेले दुसरे दिसायला लागले. लहान, फिकट, सगळे एका मापाचे. बाजूला बारीक चोच. आणि अंगभर बोथट काटे, धोत्र्याच्या बोंडासारखे. मी जे दिसलं ते सांगितलं. काटे म्हटल्यावर सरांनी माझा हात धरला. मला वाटलं आता नाव घेतील. पण हा माणूस म्हणाला, "या काचेवरून नाही. ज्या काचेवर पीठ आलं, तिथं आणखी काय आलं असेल कोणास ठाऊक. ताज्या काड्या, स्वच्छ काच." मी कपाळावर हात मारून घेतला.

ऑटोत बसल्यावर ते स्वतःशीच पुटपुटत होते. कॉलेजात छाप घेताना वर काचेचं भांडं झाकायचे. घरी आल्यापासून वाटी. वाटी कोण देतं? काकू. काकू वाटी कुठून काढतात? इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. पिठाच्या डब्यात माप म्हणून एक वाटी कायमची पडलेली असते. आमच्याकडे असते, तुमच्याकडेही असेल. ती वाटी कोणी कधी घासत नाही, घासायचं कारणच नसतं. हाताशी असते, झटकून दिली की झालं. इतकी वर्षं सर त्या वाटीखाली बीजाणू शोधत होते आणि वरून पीठ झडत होतं. यंदाचं पीठ तर आमच्या आंजीच्या शेतातल्या ज्वारीचं होतं, म्हणजे सरांच्या सिद्धान्तात मीही थोडी भर घातली होती.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ऑटो तिथेच थांबवला. प्लॉटमध्ये टिप्पर उभा होता. पुढच्या बाजूला मुरुमाचा ढीग पडलेला. आम्ही धावतच गेलो, म्हणजे मी धावले आणि सर माझ्या ओढणीचं टोक धरून आले.

कडुनिंबाखाली काकू बसल्या होत्या. प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर सूप, सुपात अंबाडी. पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवलेले, खाली पिवळ्या काड्या होत्या म्हणून. ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणत होता, "काकू, मले अजून खेपा हाय वो."

"तं कर न खेपा. त्या अंगानं टाकजो," काकू म्हणाल्या. "इकडं माझी भाजी निवडून होऊ दे."

"किती वेळ लागन?"

"अंबाडी हाय बाबा. वेळ लागते."

मी काकूंना काड्यांवरून टोमणे मारताना नेहमी ऐकलं होतं. काड्यांसाठी बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "वाटी कोणती देत होतीस तू मले?"

"कोणती म्हणजे? पिठातली. तुम्हीच मांगत होते, मी देत होती. काऊन, का झालं?"

काय झालं ते मी सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं, सुपातलं एक देठ मोडलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमचं पुस्तक माझ्या पिठापायी अडलं. आणि मी तुम्हालेच बोलून राह्यली होती." मग त्या हसायला लागल्या, सर हसायला लागले, आणि ड्रायव्हरला काही कळलं नाही तरी तोही हसला. त्यानं तो कोपरा संध्याकाळपर्यंत सोडला. मी खुरप्यानं गवतासकट मातीची ढेकळं काढली आणि सरांच्या मोठ्या कुंडीत नेऊन बसवली. ताज्या काड्या काचेवर ठेवल्या. काकूंनी वाटी आधी राखेनं घासली, मग साबणानं, मग गरम पाण्यानं, आणि पदरानं पुसायला लागल्या तेव्हा सर ओरडले, "पदर नको. पदरालाही पीठ असेल." काकूंनी वाटी उन्हात वाळवली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पुन्हा तोच बाक, तेच स्टूल. आयोडीन टाकलं. काहीही निळं झालं नाही. दिसेल तिथे काटेच काटे. मी एकेक गोष्ट सांगत गेले, सर मान डोलवत गेले. मग मी म्हटलं, "सर, झालं. आता माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "क्लॅव्युलिनॉप्सिस हेल्व्होला," ते म्हणाले.

मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. मीच विचारलं, "बहुधा?"

"नाही," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी नमुन्याच्या पाकिटावर चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणजे लिहिली मी, त्यांनी सांगितली. जातीचं नाव, गावाचं नाव, कडुनिंबाखाली. गोळा करणारे म्हणून त्यांचं नाव. मग म्हणाले, "'ओळख पटवणारे', याच्यापुढे तुमचं नाव लिहा." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मला यातलं काय कळतं, मी नुसतं दिसलं ते बोलले, नाव तर तुम्ही घेतलंत. सर म्हणाले, "नाव मी घेतलं. ओळखलं तुम्ही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी आयुष्यभर पोरांना पहिली शिकवत आलो." मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण डोळे भरून आले आणि भांडण राहिलं.

पुढे सरांचं ऑपरेशन झालं, प्लॉटवर दुमजली घर झालं, माझं लग्न होऊन मी हिंगणघाटला आले. पुस्तक छापून झालं तेव्हा सरांनी एक प्रत पाठवली. पिवळ्या काडीच्या पानावर माझं नाव आहे, माहेरचं, कारण तेव्हा तेच होतं. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, 'बीजाणूंचा छाप घेताना वापरायची वाटी घासून घ्यावी.' माझ्या सासूबाईंनी ते वाचून विचारलं, हे काय भलतंच. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली, तेव्हापासून आमच्या पिठाच्या डब्यातली वाटी दर सणाला घासली जाते.

परवा भाद्रपदाच्या उन्हात कपडे वाळत घालत होते, तर सरांचाच फोन आला. "कुंडीत काहीतरी आलंय," ते म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पिवळं?"

"पिवळं. काडीसारखं."

"मग तीच असणार, सर. माती तिथलीच आहे."

"माती तिथली आहे, पण जागा बदलली. बघितल्याशिवाय कसं म्हणायचं? डोळ्यांना आता गल्लीतली माणसं दिसतात, काटे नाही दिसत."

मागून काकूंचा आवाज आला, "तिले सांगा, वाटी घासून ठेवली म्हणा. आइतवारी येजो म्हणा."

मी येते म्हटलं. मग मला राहवेना. म्हटलं, "सर, आज विचारलं नाहीत कोण बोलतंय ते. दुसऱ्याच कोणी फोन उचलला असेल तर?"

"काहीतरीच," सर म्हणाले. "तूच आहेस."